लाल रेघेवरचं बोट

आमच्या शेजारचे विनूकाका कोणाच्याही घरी गेले की आधी मेन स्विच बंद करायचे. आईचं मिक्सरमधलं वाटण अर्धवट राहायचं. "बंद करून बघितल्याशिवाय घर कळत नाही," म्हणत ते चहाची वाट बघत बसायचे. अख्ख्या डहाणूत त्यांना चहाला बोलावणारे आम्हीच उरलो होतो.

याचं मूळ त्यांच्या माशांच्या टाकीत होतं. हॉलमध्ये पाच फुटी काचेची टाकी, तिच्याखाली कपाटात दुसरी लहान टाकी. वरचं पाणी खाली येऊन गाळलं जायचं आणि पंप ते पाइपातून पुन्हा वर चढवायचा. लाईट गेली की पंप थांबणार आणि तोच पाइप वरचं पाणी उलटं खाली ओढणार. खालची टाकी भरून वाहिली की हॉलमध्ये पूर. म्हणून काकांनी पाइपाला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडलं होतं. पातळी जराशी उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. भोक शेवाळाने बुजू नये म्हणून रोज टूथपिक. खालच्या टाकीवर लाल रेघ, पाणी चढलं तरी तिथवरच चढायला हवं.

या खालच्या टाकीला सम्प म्हणतात. काकांनी मला पाटी लिहायला सांगितली. मी इंग्रजी शाळेतली, मी लिहिलं, 'संप. हात लावू नये.' काकी खोकत खोकत हसल्या. "मासे संपावर गेले होय गं? मागण्या काय आहेत त्यांच्या?"

रोज चार वाजता काका स्वतःच्या घराचा मेन बंद करत.

"अहो, नुसता पंपाचा प्लग काढा की. मी पण आहे पंख्याखाली," काकी म्हणत.

"ती खोटी परीक्षा. लाईट काय सांगून जाते?"

२०१७ च्या दिवाळीनंतर काकींची फुप्फुसं पार थकली. त्यांना मासे दिसायला हवे होते म्हणून खाट हॉलमध्ये टाकीसमोर आली. शेजारी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन, आणि लाईट गेलीच तर म्हणून सिलिंडर. नळी बदलायची, चावी फिरवायची. मशीनवाल्याने काकांना आणि मला दोघांनाही दाखवलं होतं. मेन बंद करणं थांबलं. काका आता तोंड पाडून प्लग काढायचे.

एका दुपारी मी काकींना पेपर वाचून दाखवत होते आणि लाईट गेली. मशीन किंचाळायला लागलं. काका स्वयंपाकघरातून धावत आले, खाटेला वळसा घालून टाकीपाशी गेले, कपाट उघडून गुडघ्यांवर बसले. बोट लाल रेघेवर.

"काका, सिलिंडर!"

"थांब, चढतंय."

काकींचे ओठ निळसर पडत होते. मीच नळी सिलिंडरला लावायला घेतली, ती दोनदा निसटली. शेवटी चावी फिरली. त्यांचा श्वास मूळपदावर यायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही.

टाकीतून एक थेंबही सांडला नव्हता.

काकींनी मान वळवली. "थांबलं का पाणी?" हा टोमणा होता की चौकशी, मला कळलं नाही.

काका उठलेच नाहीत. कपाटाचं दार धरून बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाण्याचं काय करायचं ते मला येतं गं. हिचं काय करायचं ते येत नाही."