दिनूभाऊंचं मोरपंखी कपाट

दिनूभाऊ मयेकर कोणाच्याही घरी गेले की खुर्चीत बसण्याआधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवतात. मग यजमानाकडे असे बघतात, जणू त्याने काहीतरी लपवलंय. परवा आमच्या बिल्डिंगमधल्या साखरपुड्यात त्यांनी नवरा-नवरीच्या खुर्च्या उलट्या करून सगळ्यांना दाखवल्या. "कड बघा, पानी पिते ही." नवरा-नवरी तोवर उभी होती.

हे माझे समोरचे शेजारी. उमेदीची वर्षं बोटीवर लोखंड रंगवण्यात गेली, लाकडाशी संबंध बसण्यापुरता. जुलैत शालनवहिनी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे मुंबईला गेल्या. जाताना म्हणाल्या, मी येईन तेव्हा मला एक मोरपंखी कपाट हवं. तयार कपाट आणायचं सोडून भाऊ एमडीएफच्या फळ्या घेऊन आले. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. रत्नागिरीच्या पावसात तिची उघडी कड चहात बुडवलेल्या पावासारखी फुगते. हे दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं. कडेला आधी पाणी अडवणारा सीलर लावा, असंही तो सांगणार होता, पण भाऊ निघून आले होते. उपाय त्यांना ठाऊक होता.

उपाय म्हणजे मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. त्यांचे आजोबा होडीला लावायचे. होडी जन्मभर पाण्यात राहते, मग कपाटाला काय धाड भरलीय, असा त्यांचा सवाल. दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्यातली मांजरं बंदर सोडून आमच्या जिन्यात राहायला आली. तेलावर प्रायमर धरेना, आणि आमच्या घरात कोणाला जेवण जाईना. मी म्हटलं, भाऊ, सुताराला बोलवा.

"मास्तर, सुतार तिचा कोन लागतो?" ते शांतपणे म्हणाले.

भाऊंनी नव्या फळ्या आणल्या आणि या वेळी दुकानदाराचं शेवटपर्यंत ऐकलं. सीलर, पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा पॉलिश पेपर. दमट हवेत एकेक हात वाळायला दोन दिवस लागत. घरातले दोन्ही पंखे कपाटाला लावून स्वतः घामाघूम बसायचे. वहिनी येण्याआधी ते पुरं व्हायला हवं, एवढाच त्यांना ध्यास. आम्ही चिडवायचो, की वहिनी नव्या डोळ्यांनी येणार, सगळ्या चुका पकडणार. ते हसायचे.

एका गुरुवारपासून ते हसायचं थांबले. रागावले असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण त्यांच्या घासण्याची धूळ माझ्या चहात पडत होती. मग ते डोळे मिटून कडा घासायला लागले. रंगाच्या दुकानदाराने मला रस्त्यात गाठून सांगितलं, की भाऊंनी डबा तीनदा परत केला आणि दर खेपेला पिशवीत एक साडी घेऊन येतात. हे मात्र अती झालं.

रविवारी वहिनी येणार, म्हणून शनिवारी दुपारी मी त्यांना चार शब्द सुनवायला गेलो. भाऊ जमिनीवर बसून डबा ढवळत होते. खुर्चीवर वहिनींची मोरपंखी साडी पसरलेली. मी म्हटलं, रंग थोडा इकडचा तिकडे झाला तर कोणाला कळणार आहे?

ढवळता ढवळताच त्यांनी सांगितलं, की त्या गुरुवारी मुलीचा फोन आला होता. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. वहिनींना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. कपाटाच्या कडा गोल केल्या त्या त्यांच्या हाताला लागू नयेत म्हणून.

मी म्हणालो, "मग रंगाचं एवढं..."

"ती इचारेल, कुठला दिलात. मोरपंखी बोललो की तिला तो दिसेल," भाऊ म्हणाले. "मग तो मोरपंखीच पायजे ना, मास्तर? आता तिला फसवू कसा?"

मी दुसरा ब्रश उचलून कपाटाच्या पाठीला दोन फटकारे मारले. भाऊंनी ते बघितले, माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि साडी खिडकीपाशी उजेडात धरायला सांगितलं. त्यांचं रंगवून होईपर्यंत मी ती धरून उभा होतो.