छकुलीचा कंठ

छकुली मादी निघाली तर रविवारी मावशीच्या घरी जाणार, असं ठरलं होतं आणि त्याच दिवसापासून चिमीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. छकुली म्हणजे त्यांचा पोपट. पंखही फुटले नव्हते तेव्हापासून चिमीने तिला चमच्याने भरवलेलं! आणि मावशीकडे होता सुभेदार. गळ्याभोवती काळाभोर कंठ, चालही अगदी नावासारखी.

"एकटा पडलाय गं माझा सुभेदार," मावशी म्हणाली होती. "तुमच्या छकुलीला तिसरं वर्ष लागलं, अजून गळ्यात कंठ नाही. म्हणजे मुलगीच. आणि मुलगी सासरी जायची असते, बरं का!"

"अगं, अजून येईल कंठ," आई म्हणाली.

"रविवारपर्यंत आला तर ठेवा!"

आता चिमी काम करायची पार्लरमध्ये. दिवसभर लोकांचे केस रंगवायचे. मावशीचेही तीच रंगवायची आणि मावशी दर वेळी उरलेला रंग डबीत बांधून न्यायची. "वाया कशाला घालवायचा?" म्हणे. तर शनिवारी चिमीच्या डोक्यात जे यायचं ते आलंच. एक बारीक ब्रश, वाटीभर रंग. गळ्याभोवती एकच रेघ, बस्स!

रविवारी सकाळी ती वाटी घेऊन पिंजऱ्यापाशी गेली, वरचं फडकं उचललं आणि ब्रश हातातून गळूनच पडला.

कंठ होता! खराखुरा! आठवडाभर छकुली मान फुगवून नुसती खाजवत बसली होती, ते ह्यासाठी! चोचीखालून निघालेली काळी रेघ दोन्ही बाजूंनी वळत गेलेली, आणि मानेमागे पोचता पोचता गुलाबी झालेली. असा गुलाबी, की पार्लरमधल्या सगळ्या ट्यूब एकत्र पिळल्या तरी जमणार नाही. खिडकीतून ऊन आलं, छकुलीने मान वळवली आणि तो गुलाबी असा काही पेटला की चिमी श्वास घ्यायचीच विसरली. कुणी केलं हे? आतल्या आत, कुणाला न विचारता?

"चिमेऽऽ!"

दारात मावशी. एका हातात सुभेदाराचा पिंजरा, नवरी न्यायला नवरदेवही सोबत. तिची नजर आधी कंठावर गेली, मग चिमीच्या हातातल्या वाटीवर.

"रंगवलास! मुक्या जिवाला रंगवलास!"

"नाही गं मावशी, शप्पथ! आपोआप आलाय!"

"आणि ही वाटी पण आपोआप आली का?"

आई धावत आली, वाटी बघितली आणि ओलं फडकं घेऊन छकुलीची मान पुसायला बसली. पुसते, फडकं बघते. पुसते, फडकं बघते. पांढरं स्वच्छ!

"अगंबाई, खरा आहे!" आईने फडकं छातीशीच धरलं. "चिमे, आपली छकुली मुलगा आहे!"

"काहीतरीच!" मावशी उसळली. "खरा कंठ बघायचाय? हा बघा!" आणि तिने सुभेदाराचा पिंजरा पुढे केला.

चिमीने बघितलं. जरा जवळून बघितलं. मागे गुलाबी नव्हताच. आणि तो काळा... तो काळा तिच्या चांगलाच ओळखीचा होता. दर महिन्याला स्वतःच्या हाताने कालवायची ती.

"मावशी, ही तर तुझ्या केसांची शेड!"

मावशी फडकं हिसकावणार तोच आईने ते सुभेदाराच्या गळ्यावरून फिरवलं. फडकं काळं, गळा हिरवा.

मग मावशी खुर्चीत बसली.

"वर्षानुवर्षं वाट बघितली गं," ती हळूच म्हणाली. "शेजारचे हसायला लागले. म्हटलं, आपण सुभेदार म्हणून हाक मारतो, बिचाऱ्याची अब्रू..."

तिकडे छकुली दांडीवर एकेक पाऊल टाकत, मान डोलवत सुभेदाराकडे सरकत होता आणि सुभेदाराने, आयुष्यात पहिल्यांदाच, लाजून मान खाली घातली. तिघीही बघतच राहिल्या.

"ताई," आई म्हणाली, "मुलगी सासरी जायची असते ना?"

मावशीचा चेहरा पडला. "माझ्याशिवाय ती झोपत नाही गं..."

"मग तूही राहा की चार दिवस!"

चिमीने हातातली वाटी पुढे केली. "मावशी, रंग उरलाय. बांधून देऊ?"

मावशीने डोळे पुसले, अंबाडा सोडला आणि पाठ करून बसली.

"आण इकडे. माझ्याच डोक्याला लाव."