मेहुण्याची छत्री

सैन्याचा खरा आधार म्हणजे परस्परविश्वास. बंदूक बिघडली तर दुसरी मिळते, बूट फाटले तर (अर्ज केल्यावर, पुढच्या वर्षी) नवे मिळतात, पण विश्वास संपला की तो भांडारात शिल्लक नसतो. म्हणूनच आमच्या तळावर गेल्या वर्षी विश्वासाचा घाऊक पुरवठा करण्यात आला. त्याची ही हकिगत.

मी पॅराशूट बांधतो. विमानातून उडी मारणारे जवान वेगळे, त्यांच्या पाठीवरची छत्री घडी घालून पिशवीत भरणारे आम्ही वेगळे. लांबलचक टेबलावर कापड अंथरायचं, दोऱ्या मोजून सरळ करायच्या, घड्या घालायच्या आणि सगळं गुडघ्याने दाबून पिशवीत कोंबायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि उभ्याने करावं लागतं.

आमचे आधीचे कमांडर म्हणजे मागासलेल्या नेतृत्वाचा नमुना. त्यांना आम्ही एरंडेल म्हणायचो. एरंडेलचा कुणावरच विश्वास नव्हता. दर सोमवारी ते हॉलमध्ये यायचे, रॅकवरची मनाला येईल ती छत्री काठीने टोचायचे आणि विचारायचे, "ही कुणी बांधली?" ज्याने बांधली त्याने ती पाठीवर घ्यायची, विमानात बसायचं आणि वरून उडी मारायची. चर्चा नाही, चहा नाही. माझ्यावर ही पाळी बऱ्याचदा आली. पहिल्या वेळी तर इतके देव आठवले, की त्यातले काही मला नवीनच होते.

अशा दहशतीत मनोबल कुठून राहणार? मुख्यालयाच्या पाहणीत ते शंभरात एकोणीस भरलं. (उडी मारणारे जवान विमानात घोरायचे, पण घोरण्याचा रकाना पाहणीत नव्हता.)

मग एरंडेल निवृत्त झाले आणि सरबत आले. हे नावही आम्हीच ठेवलं, पण प्रेमाने. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला 'लेकरांनो' म्हटलं. (त्यातली दोन लेकरं निवृत्तीला टेकली होती.) ते म्हणाले, "तपासणी म्हणजे संशय, आणि संशय म्हणजे आपल्याच माणसाचा अपमान. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." सोमवारची उडी बंद झाली. काठी काचेच्या कपाटात गेली. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

अविश्वास एकदा हुडकायला लागलं की कुठेही सापडतो. पर्यवेक्षक टेबलाशी वाकून बघायचा, ते बंद झालं. दोऱ्या मोजणं बंद झालं, कारण छत्री ज्याने आधी बांधली त्याने त्या मोजल्या असणारच, आणि आपण पुन्हा मोजायच्या म्हणजे त्याच्यावर शंका घ्यायची. जवानांनी उडीआधी आपली पिशवी चाचपणं तर असभ्यच ठरलं. कुणी चाचपलीच, तर त्याने बांधणाऱ्याची माफी मागायची. हॉलमध्ये रेडिओ आला. ज्या छत्रीला तास लागायचा, ती आता गप्पा धरून वीस मिनिटांत होऊ लागली. मनोबल सत्त्याण्णववर गेलं. (उरलेले तीन गुण पाहणी करणाऱ्याने संशयापोटी कापले. त्याला समज देण्यात आली.) विमानातलं घोरणं तेवढं थांबलं. जवान टक्क जागे राहू लागले, आणि सतर्कता वाढल्याची तशी नोंद अहवालात गेली.

पुढे वार्षिक सोहळा आला. त्यात पाहुण्यांसमोर पहिली उडी कमांडरने मारायची असते. सरबत छत्री न्यायला हॉलमध्ये आले. रॅकवर सकाळीच बांधलेल्या ताज्या छत्र्या होत्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आम्ही हसलो, मनोबल चढलेलं असलं की हसू येतंच. "छान, छान," म्हणत ते रॅकच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि त्यांनी शिडी मागवली. सगळ्यात वरच्या फळीवर एरंडेलच्या काळातल्या काही छत्र्या धूळ खात पडल्या होत्या. त्यांची मुदत संपली होती. नियमाने त्या कधीच उघडून पुन्हा बांधायला हव्या होत्या. सरबतांनी त्यातली एक स्वतः झटकली, दोनदा शिंकले आणि म्हणाले, "परंपरेचा मान राखायला हवा."

त्या दिवसापासून परंपरेचा मान राखायला रांग लागली. आठवडाभरात वरची फळी रिकामी झाली.

अशा वेळी माझा मेहुणा उडीच्या तुकडीत लागला. बायकोचा एकुलता एक भाऊ, तिच्याच कडेवर वाढलेला. त्याची पहिली उडी शनिवारी होती. आदल्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "दाजी, वरची फळी संपली म्हणे?"

"संपली."

"मग माझी कुणी बांधलीय?"

"मीच."

त्याला हायसं वाटलं आणि मला ठसका लागला. बायकोने पाणी पुढे केलं. "नीट बांधलीय ना हो?" एवढंच म्हणाली.

मी घाबरलो. एरंडेलच्या विमानातही एवढा घाबरलो नव्हतो. शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मी त्याची छत्री टेबलावर उघडली. आत चार दोऱ्यांची वेणी झाली होती. (ती बांधताना गप्पा फार रंगल्या होत्या, आठवतं मला.) दोऱ्या सोडवल्या, मोजल्या, परत मोजल्या, एकेक घडी हाताने दाबली. पुरता तास गेला. दुपारी मेहुणा अंगभर धूळ घेऊन, दात काढत खाली उतरला. बायको रडली. मीही रडलो, थोडा.

त्याच दिवशी दुसऱ्या एका पोराचे दोन्ही पाय मोडले. अहवालात कारण दिलंय की जमीन अपेक्षेपेक्षा लवकर आली. त्याची छत्रीही माझ्याच टेबलावरची होती. ती मी उघडून बघितली नव्हती, कारण तो माझा मेहुणा नव्हता.

दोऱ्या मोजताना मला कुणीतरी पाहिलं, आणि सहकाऱ्यांचं मनोबल खच्ची केल्याबद्दल मला समज मिळाली. ती मी मान्य केली. आता मोजत नाही.

तुम्ही मला नावं ठेवताय, ते कळतंय. ठेवा. पण आज तुमच्याही टेबलावरून काहीतरी बाहेर गेलंच असेल. कुणाचं औषध, कुणाच्या जिन्याचा कठडा, कुणाची उत्तरपत्रिका. ते आत्ता कुणाच्या तरी मेहुण्याच्या पाठीवर आहे. तुम्ही नीटच बांधलं असणार. मी काही उघडून बघणार नाही. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.