शेंगोळ्यांना नावं ठेवणारे पाहुणे

मुक्ताबाईंचा धंदा बुडणं शक्यच नव्हतं. कारण तो कुठंकुठं बुडू शकतो, हे त्या आधीच शोधून काढणार होत्या!

हुलग्याची शेंगोळी वळायची, वाळवायची, मसाल्याच्या पुडीसकट पाकिटात भरायची आणि रविवारी पाथर्डीच्या बचत गटांच्या प्रदर्शनात मांडायची. दोनशे पाकिटं तयार होती. प्रशिक्षणाच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "मालाची खोट आधी आपण काढायची. नाहीतर गिऱ्हाईक काढतं." मुक्ताबाईंनी हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

पण खोट काढणार कोण? गटातल्या बायका "लई भारी!" म्हणाल्या आणि पदरानं नाकं पुसत घरी गेल्या. नवरा सहादेव "लई भारी!" म्हणून थेट रांजणाकडं धावले.

खरी गोष्ट एवढीच होती, की शेंगोळी म्हणजे नुसता जाळ होता! पण त्या गावात "तिखट लागलं" म्हणणं म्हणजे कुस्तीत पाठ टेकणं. मुक्ताबाईंची जीभ मिरचीवरच पोसलेली, त्यांना पत्ता नव्हता. मुलीला, रुपालीला, होता. ती नगरला वाचनालयात नोकरीला. कपाटंच्या कपाटं वाचून काढलेली. पण आईचा उजळलेला चेहरा बघितला, की हा एक शब्द काही तिच्या तोंडून निघत नसे.

रजा काढून ती घरी आली होती. गुरुवारी सकाळी आईला युक्ती सुचली.

"रुपे, आख्ख्या जिल्ह्यात फुकट नावं कोण ठेवतं?"

"कोण?"

"मुलाकडचे! सोनईचं स्थळ कवापासून बघायला येतो म्हणतंय. आजच बोलवते."

"आई! मला नाही त्या घरात लग्न करायचं."

"तुला कुठं करायचंय? त्यांनी तुला नापसंत करावं, शेंगोळ्यांना नावं ठेवावीत, च्या पिऊन जावं. बागायतदार मानसं, गोडखाऊ. बराबर खोट काढतील!"

दुपारी मुलगा सुनील, त्याचे वडील रामहरी आणि आई जीपमधून उतरले. पोह्यांऐवजी वाफाळते वाडगे आले. मुक्ताबाई वही-पेन घेऊन समोरच बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

पहिल्या घासाला रामहरींचे कान लाल झाले. दुसऱ्याला टोपीखालून घाम निघाला. पण जिरायतवाल्याच्या दारात बागायतदार माघार घेतो होय?

"कशी झालीत, पाव्हणं? तोंडावर सांगा. राग न्हाई."

"लई... भारी," रामहरींचा आवाज विहिरीच्या तळातून आला.

"अन् कमी काय हाय?"

"पाणी!"

मुक्ताबाईंनी ताबडतोब लिहिलं: रस्सा पातळ हवा.

सुनीलच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "पोरगं किती हळवं बघ," मुक्ताबाई कुजबुजल्या. रुपालीनं हसू दाबायला तोंडात पदर नव्हे, अख्खी ओढणी कोंबली. टँकर पाच दिवसांनी यायचा होता; तिघांनी मिळून पिंपाचा तळ दाखवला!

संध्याकाळी सुनीलच्या आईचा फोन. "मुलगी पसंत! आमच्या ह्यांचं सहा वर्षांचं चोंदलेलं नाक मोकळं झालं बघा. दहा पाकिटं बाजूला ठेवा अन् तारीख काढा!"

मुक्ताबाई मटकन बसल्या. "खोट तर निघालीच न्हाई. वर लगीन निघालं!"

मायलेकी पोट धरून हसल्या. मग आईनं वही पुढं ओढली.

"रुपे, तू तरी खरं सांग. चारचौघींत माझं हसं नको व्हाया. एवढी पुस्तकं वाचलीस. कायतरी खोट असंलच की."

"छान झालीत, आई," रुपाली म्हणाली, आणि तिनं दुसरा वाडगा वाढून घेतला.

शुक्रवारी पहाटे मुक्ताबाई उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या.

रविवारचं प्रदर्शन पाकिटांवाचून झालं. सोनईकर भेटून गेले. त्यांनी स्थळाचा विषय काढला नाही. रामहरींनी दहा पाकिटं मात्र मागून नेली.

चौदाव्या दिवशी गटातल्या जयाकाकू आल्या. "पुढल्या महिन्यात परत प्रदर्शन हाय. मुक्ताचं नाव लावून मांडू. जशीच्या तशी मांडायची ना?"

रुपालीनं एक पाकीट फोडलं, पुडी आख्खी टाकली आणि तीन वाडगे भरले. आईच्या फोटोसमोर तिघं जेवायला बसली.

चौथ्या घासाला सहादेवांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. रुपालीच्याही. जयाकाकू पदराआड गेल्या.

"लई भारी," सहादेव म्हणाले.

"दादा, खरं सांगा," रुपाली वडिलांना म्हणाली.

"तीस वर्सं झाली की हा जाळ खातुया."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"घरात पानी हुतं की!"

रुपालीनं आईची वही उघडली. 'रस्सा पातळ हवा'च्या खालची ओळ रिकामी होती. ती फोटोकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली,

"आई, तिखट होती गं! भयंकर तिखट! मिरची निम्मी करते, कुणी हसणार नाही तुला. पण त्या दिवशी दुसरा वाडगा घेतला ना, तो तुझं मन राखायला नव्हता घेतला."

एवढं बोलून तिनं तांब्या तोंडाला लावला, आणि जयाकाकूंनी ओरडून विचारलं, "आमाला काय ठिवतीस का न्हाई?"