फडक्यावरचा बँड

“हेर हेबर्ले, तुमच्या तळघरात आम्ही ड्रम्स वाजवले तर चालेल का?”

हा प्रश्न शमिकाचा नव्हता. तो लेओनी आणि युले या मैत्रिणींनी तिच्या गळ्यात मारला होता, आणि ती तो खरंच विचारते का हे बघायला दोघी खाली सायकलींच्या मागे दडून बसल्या होत्या. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या त्या चार मजली इमारतीत हेर, म्हणजे श्रीयुत, हेबर्लेंना प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती. प्रश्न ते विचारत. दुपारच्या शांततेच्या वेळी बाटल्या कोणी टाकल्या, दार कोणी आपटलं, जिन्याच्या कोपऱ्यात हे काय पडलंय. तळमजल्यावर ते एकटे राहत आणि खालचं सगळ्यात मोठं तळघर त्यांच्या मालकीचं होतं. त्याला कायम कुलूप.

शमिकाला शाळेच्या बँडमध्ये नुकतंच ड्रम्सवर घेतलं होतं. तेव्हापासून ती चालताना मान जरा जास्तच वर ठेवायची. अडचण एकच होती, सरावाला जागा नव्हती. महिनाअखेरपर्यंत जागा मिळाली नाही तर ड्रम्स मॉरिट्झकडे जाणार होते. मॉरिट्झला ठेका कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण त्याच्या घराला गॅरेज होतं.

“नाइन, नाही,” हेर हेबर्ले म्हणाले आणि वळले. मग थांबले. “तुझ्या हातात काय आहे?”

“फडकं,” शमिका म्हणाली. त्या आठवड्यात त्यांच्या घराची केअरवोखे होती, म्हणजे जिना झाडायची-पुसायची पाळी. ती पाळी शमिकाच्या आईने कधीच शमिकाकडे ढकलली होती.

हेर हेबर्लेंनी फडकं तिच्या हातातून घेतलं. पिळलं. कठड्यावर पसरलं आणि दोन्ही हातांनी हळूहळू सपाट केलं. काळ्या कापडावर भेगा पडलेली एक पांढरी बोट दिसायला लागली, बर्फातून चाललेली. खाली इंग्रजीत ‘विंटर फेरी’ आणि ‘१९९२’. बाहीच्या जागी भोक होतं.

आणि मग हेर हेबर्ले ओल्या जिन्यावर बसले. ओल्या जिन्यावर पाय ठेवला म्हणून ज्यांनी एकदा पोस्टमनला परत पाठवलं होतं, ते हेर हेबर्ले.

“कोणाचा हा टी-शर्ट?”

“माझ्या बाबांचा.”

“ते… होते तिथे? बँडच्या त्या दौऱ्याला?”

खालून लेओनी दोन्ही हातांनी ‘हो म्हण, हो म्हण’ अशा खुणा करत होती. गेल्या महिन्याभरात शमिकाला स्वतःबद्दल एक शोध लागला होता, की ठाम आवाजात बोललं की लोक ऐकतात. ती ठाम आवाजात म्हणाली, “या, गेनाऊ.” म्हणजे हो, अगदी बरोबर.

“मग याने फरशी का पुसता?”

“आमच्याकडे जी वस्तू टाकवत नाही, ती अशी रोजच्या वापरात ठेवतात.”

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

हेर हेबर्ले बराच वेळ त्या बोटीकडे बघत राहिले. विंटर फेरी म्हणजे कॅनडाचे तीन पोरगे, ते म्हणाले, तिघंच, पण डोळे मिटले तर स्टेजवर आख्खं गाव उभं आहे असं वाटायचं. पुढच्या शनिवारी दुपारी त्यांचे जुने फॅन तळघरात जमणार होते, दरवर्षीसारखे. प्रत्येक जण एक आठवण सांगतो. “वडिलांना घेऊन ये. ड्रम्सचं मग बघू.”

*

“मी?” हरीश म्हणाला. “अगं, मी गाडीत बातम्या ऐकतो.”

“पण टी-शर्ट तुमचाच आहे ना, बाबा?”

“फॅशन स्ट्रीटवर घेतला होता. काळा होता म्हणून घेतला, मळ दिसत नाही. त्याच्यावर काय लिहिलंय ते मी आजतागायत वाचलेलं नाही.”

“अहो, कॉलेजची चार वर्षं त्यातच काढलीत तुम्ही,” ऊर्मिला स्वयंपाकघरातून म्हणाली. “लग्नानंतर मी लपवून ठेवला, तरी शोधून घालायचात. शेवटी कात्री घातली तेव्हा सुटला.”

“तरी मी खोटं बोलणार नाही. मला जमतच नाही.”

“तुम्ही आजोबांना दर रविवारी फोनवर सांगता की भात कमी केलाय म्हणून.”

हरीशने ऊर्मिलाकडे पाहिलं. ऊर्मिलाने कढईकडे पाहिलं.

“बाबा, माझे ड्रम्स मॉरिट्झकडे जातील,” शमिका म्हणाली, आणि यावेळी तिचा आवाज ठाम वगैरे काही नव्हता. हरीश खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा हा माणूस पोरीच्या आवाजातली एवढीशी घसरण मात्र कधीच थांबवू शकला नव्हता.

तयारी सुरू झाली. शमिकाला इंटरनेटवर फॅन लोकांचं एक जुनाट संकेतस्थळ सापडलं. शेकडो आठवणी. पण कोणाचीही उचलली तर पकडले जाणार. ती स्क्रीन खाली सरकवत राहिली आणि एकदम थांबली. ‘खांबामागचा’ असं टोपणनाव घेतलेल्या कोणीतरी लिहिलं होतं:

‘फेब्रुवारी ९२. बर्फ. हॉलच्या दारात पोचलो तर खिशात तिकीट नाही. शेजारी एक परदेशी मुलगा, दाट केस, अंगात बँडचा टी-शर्ट, जर्मनचा एक शब्द येत नव्हता. त्याच्याकडे दोन तिकिटं होती. एक त्याने माझ्या हातात ठेवलं, पैसे घेतले नाहीत आणि गर्दीत शिरला. पुन्हा दिसला नाही. मित्रा, असशील तिथे सुखी राहा.’

“हा मुलगा,” शमिका म्हणाली. “हा कोणालाच माहीत नाही. याची जागा रिकामी आहे. बाबा, हा मुलगा म्हणजे तुम्ही.”

“दाट केस,” ऊर्मिला म्हणाली.

“होते,” हरीश दुखावून म्हणाला.

“ते मला सांगू नका, फोटो बघितलेत मी. चकल्या नेताय ना? आठवणींना चहाबरोबर काहीतरी लागतंच.”

*

शनिवारी दुपारी तीनला तळघराचं कुलूप निघालं आणि शमिका दारातच उभी राहिली.

भिंतींना छतापर्यंत जाड गालिचे लावले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. एका बाजूला रेकॉर्ड्स, जमिनीपासून वरपर्यंत, एकीवरही धूळ नाही. मधोमध दोन अवाढव्य स्पीकर. आणि त्यांच्यासमोर अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्यांवर सात-आठ माणसं गुडघ्यावर बशा ठेवून चीजकेक खात बसली होती. शमिकाला वाटलं होतं लेदर जॅकेटं असतील. सगळ्यांचे विणलेले स्वेटर होते.

आधी रेकॉर्ड लागली. शमिकाने घरी फोनवर ही गाणी ऐकली होती, पण ते म्हणजे समुद्राचा फोटो पाहण्यासारखं होतं. इथे पहिला ठोका पडला तो तिच्या कानांत नाही, बरगड्यांत पडला. मग दुसरा. तो ड्रमर ठेका धरत नव्हता, तो घर बांधत होता, वीट ठेवायचा, मागे सरकायचा, जागा सोडायचा आणि त्या सोडलेल्या जागेतून गिटार आत यायची. एका माणसाला दोनच हात असतात हे शमिका पार विसरली. स्वेटरवाले डोळे मिटून बसले होते. कॉफ्या निवत होत्या. फक्त हेर हेबर्लेंची बोटं गुडघ्यावर हलत होती. शमिका बघत राहिली. एकही ठोका चुकत नव्हता, मधले सोडलेलेसुद्धा.

मग आठवणी सुरू झाल्या. गावातली दाताची डॉक्टरीण म्हणाली, “मला आठवा महिना होता. ड्रम सोलो सुरू झाला आणि पोरगी आतून त्याच तालात लाथा मारायला लागली. आज ती टॅक्सची कामं करते. काय चुकलं कळत नाही.” निवृत्त बसड्रायव्हर म्हणाला, “वीज गेली होती. गायकाने माइक खाली ठेवला आणि तसाच गायला. आठ हजार माणसं. कोणी खोकलंसुद्धा नाही. मला अजूनही रिकामी बस दिसली की ते ऐकू येतं.” तो चष्मा पुसायला लागला आणि बराच वेळ पुसत राहिला.

शमिकाने हातातली बशी खाली ठेवली. तीस-पस्तीस वर्षं. या लोकांनी एक संध्याकाळ तीस-पस्तीस वर्षं अशी जपली होती, आणि ती आता त्यांना एक चोरलेली ऐकवणार होती. तिने बाबांची बाही ओढली. पण तोवर हरीश उठला होता.

तोंडी परीक्षेला उभा राहावा तसा तो उभा राहिला. “आल्झो, तर,” तो म्हणाला. “फेब्रुवारी. बर्फ होतं. माझा मित्र आला नाही. माझ्याकडे दोन तिकिटं होती. दारात एक माणूस बर्फात काहीतरी शोधत होता. मी त्याला एक दिलं. मला जर्मन येत नव्हतं.” तो जरा थांबला. “अजूनही फारसं येत नाही.”

खोलीत कोणी हसलं नाही. मग डॉक्टरीणबाईंच्या हातातून बशी सुटली.

“गुंटर,” त्या म्हणाल्या.

सगळ्या माना हेर हेबर्लेंकडे वळल्या. ते कागदासारखे पांढरे झाले होते.

“गुंटर, हाच तुझ्या गोष्टीतला मुलगा आहे. दोन तिकिटांचा.”

मग जे सुरू झालं ते आवरण्यापलीकडचं होतं. बसड्रायव्हरने हरीशला मिठी मारली. कोणीतरी फोटो काढला. कोणी म्हणालं, गुंटर ही गोष्ट दरवर्षी सांगतो, आम्ही दरवर्षी म्हणतो, तो मुलगा कुठे असेल. आणि तो याच जिन्यावर तिसऱ्या मजल्यावर राहतो. कोणाच्यातरी बशीतली चकली कोणाच्यातरी डोळ्यांतल्या पाण्याने मऊ होत होती. हरीशचा चेहरा असा झाला होता की ब्रेक दाबलाय आणि गाडी चाललीच आहे.

हेर हेबर्ले उठले. सावकाश आले. हरीशचे दोन्ही हात धरून त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, डोक्याशी जरा जास्त वेळ.

“हाच तो,” ते म्हणाले. मग अगदी सपाट आवाजात, “वर अजून एक केक आहे. मला आणायला मदत करा.”

*

शमिका मागे धावली. जिन्यातच तिने गाठलं.

“हेर हेबर्ले, बाबांची काही चूक नाही. मी त्यांना करायला लावलं. ते तिथे नव्हते.”

“मला माहीत आहे.”

“कसं काय?”

हेर हेबर्लेंनी कठड्याला हात लावला. “कारण मीही नव्हतो.”

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या कोणाचं तरी वॉशिंग मशीन गरगरत होतं.

“कारखान्यात नवीन लागलो होतो,” ते म्हणाले. “रात्रपाळी आली. फोरमनला विचारायची हिंमत झाली नाही. या सगळ्यांबरोबर जायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गुंटर, दिसला नाहीस. मी म्हणालो, मी मागे होतो, खांबामागे. मग सांगितलं, तिकीट हरवलं म्हणून उशीर झाला. मग त्यांनी विचारलं, तिकीट दिलं कोणी? म्हणून तो मुलगा रचला. त्याला टी-शर्ट दिला, केस दिले. जर्मन दिलं नाही, नाहीतर लोक म्हणाले असते, त्याचं नावगाव का नाही विचारलंस.” ते हरीशकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. देवळात पहिल्यांदा आलेल्या माणसाची असते तशी नजर होती. “इतकी वर्षं सांगतोय. आणि आज तो माझ्या तळघरात आला. तळलेलं काहीतरी घेऊन.”

“चकली,” हरीश पुटपुटला.

“रोज घरी येऊन रेकॉर्ड लावायचो. एवढ्या वेळा ऐकली की मला वाटायला लागलं, मी गेलोच होतो.” ते थांबले. मग एकदम लाजल्यासारखं विचारलं, “तुम्ही मला तिकीट का दिलंत?”

शमिका बाबांकडे बघत राहिली. खोटं न जमणारा तिचा बाप कठड्याला धरून सरळ उभा राहिला.

“माझ्याकडे जास्तीचं होतं,” हरीश म्हणाला.

हेर हेबर्लेंनी मान डोलावली. पुष्कळ वेळ डोलावली. मग खिशातून जुडगा काढून त्यातली एक किल्ली सोडवली आणि शमिकाच्या हातात ठेवली. “मंगळवार, गुरुवार. चार ते सहा. सहा म्हणजे सहा. आणि तो डावा हात सैल सोड. तू केक खाताना बशीवर वाजवत होतीस. घाई करतेस.”

*

“मिळाली ना किल्ली?” घरी आल्या आल्या ऊर्मिलाने विचारलं. “मग सुटलो. आता त्या लोकांना सांगून टाका, तब्येत बरी नसते म्हणून.”

हरीशने बूट काढत मोठा श्वास सोडला. “पुढच्या वर्षी मी ड्युसेलडॉर्फला टूरवरच जातो.”

शमिका अजून कोट घालूनच उभी होती. बरगड्यांत काहीतरी अजून वाजत होतं. तिने लेओनीला कळवलं नव्हतं, युलेला कळवलं नव्हतं, मॉरिट्झची तर आठवणसुद्धा झाली नव्हती.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही दरवर्षी जाणार आहात. आणि उद्यापासून रोज जेवणानंतर एक रेकॉर्ड. हेर हेबर्ले देणार आहेत, मी विचारून आलेय. आई, तू पण.”

“मी कशाला?”

“दोन तिकिटं होती ना. बाबांचा तो न आलेला मित्र तू आहेस, तुलाही गाणी माहीत नकोत का?”

“शमिका, बाळा,” हरीश खुर्चीत बसत म्हणाला, “मी त्या कार्यक्रमाला नव्हतो गं.”

“हेर हेबर्लेही नव्हते, बाबा. पण त्यांना एकेक ठोका पाठ आहे आणि तुम्हाला एकही नाही. असं चालणार नाही. मी ठरवलंय.”