अडकित्त्यात पुंजाजी

या माउली, सरकून बसा. मागच्यांनाही पुढं येऊ द्या. गोष्ट हसण्याची आहे, आणि हसण्याची गोष्ट लांबून ऐकली की कानापर्यंतच पोचते, पोटापर्यंत जात नाही. आख्यान लावताना बुवा आधी सगळ्यांना नमस्कार करतात. आपणही ज्यांना हसणार आहोत त्यांना हात जोडू आणि शेलूबाजारला जाऊ.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला आदर्शचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या भागात फोन दुरुस्त होत आणि मागच्या खोलीत पुढारी नादुरुस्त होत. कारण त्या खोलीतून आदर्श यूट्यूबवर ‘अडकित्ता’ नावाचा कार्यक्रम करायचा. राजकारणाची टिंगल, गावच्या भानगडी आणि शेवटी एका पाहुण्याची मुलाखत. मंगरुळपीरपासून अनसिंगपर्यंत लोक जेवताना तो बघायचे.

मुलाखतीत आदर्शची एक पद्धत होती. पाहुणा आपल्या बाजूचा असला की त्याला गोल फिरणारी खुर्ची, समोर काजू, आणि प्रश्न असा की उत्तर त्यातच असावं. पाहुणा विरोधातला असला की त्याला एक पाय आखूड असलेली प्लास्टिकची खुर्ची. तो डुगडुगत बोलायला लागला की आदर्श जुन्या ट्रकचा रबरी भोंगा दाबायचा, “पोंऽऽ!” आणि उरलंसुरलं बोलणं रात्री कात्रीखाली जायचं. मग वरून तयार हशा चिकटवला की कार्यक्रम झाला.

सध्या गावात एकच विषय होता. बसथांब्याजवळची मोकळी जागा. त्या जागेवर भजनी मंडळाला सभामंडप हवा होता. मंडळाचे मृदंगवाले शालिकराम हे आदर्शचे वडील. मंडळ आजवर ताडपत्रीखाली बसत आलं होतं, आणि ताडपत्रीचं पाणी नेमकं मृदंगावर गळायचं. “बाबा, मंडप झालाच म्हनून समजा,” असा शब्द आदर्शने वडिलांना दिला होता. आणि अख्ख्या मंडळासमोर दिला होता, त्यामुळे तो परत घेता येण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या बाजूला पुंजाजी. एसटीतून निवृत्त झालेले वाहक, तरुणपणी भीमजलशात बाबासाहेबांची गाणी गाणारे. त्यांना त्याच जागेवर मुलांसाठी अभ्यासिका हवी होती. ग्रामसभा आठवड्यावर आली होती.

पुंजाजी ‘अडकित्त्या’त एकदा येऊन गेले होते. बिचारे अभ्यासिकेवर भरभरून बोलले. आदर्शने त्यातलं दाखवलं काय, तर पुंजाजी “माहा चष्मा कोठी गेला?” म्हणत चष्मा शोधताहेत आणि चष्मा डोक्यावर आहे. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढपी त्यांना विचारायचे, “काका, चष्मा सापडला का? मंग वाढू भात?”

म्हणून या वेळी आदर्शने बोलावलं तेव्हा पुंजाजी दुकानाच्या दारातच उभे राहिले.

“येतो मी. पन कात्री नाही पायजे. जे बोलन थे तसंच्या तसं लोकाईले दिसलं पायजे. लाइव कर.”

“लाइव?”

“काहून? भेव वाटून राह्यलं का?”

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. आदर्शला हो म्हणावंच लागलं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की लाइव्हमध्ये हशा चिकटवता येत नाही. हसणारी माणसं जिवंत लागतात. त्याची मित्रमंडळी तर इंझोरीला लग्नाला गेलेली. आदर्श वडिलांकडे गेला.

“बाबा, तुमचं मंडय घेऊन बसा ना दुकानात. काई करा नाही लागत. मी हात वर केला का हसाचं, बस.”

“हासाचं?” शालिकराम विचारात पडले. “बिनाटायाचं?”

“टाय कायले पायजेन?”

“अबे, टायाबिगर हात कोठी ठेवाचे समजत नाही मानसाले.”

आदर्श म्हणाला, आणा. तिथंच चुकलं. माउली, टाळकऱ्याला टाळ घेऊन बसवणं म्हणजे बैल जुंपून त्याला उभं राहा म्हणणं.

बाजाराच्या दिवशी दुपारी खोली भरली. टाळकरी ओळीने बसले, मृदंगाला कणीक लागली. पुंजाजी पांढराशुभ्र सदरा घालून आले. चष्मा सांभाळायला सोबत वच्छलाबाई, त्यांची बायको. त्या आपलं बाजारातलं मिरच्यांचं दुकान शेजारणीच्या भरवशावर टाकून आल्या होत्या. शेजारीण म्हणजे आदर्शची आई आवडाबाई. दर बाजाराला दोघींची पोती लागून असत.

“काकू, पानी घ्या,” आदर्शने पेला पुढं केला.

“नोको बापू. बजाराच्या दिवशी पानी नाही पेत आमी. माह्यं म्हननं असं हाये का, थे जागा—”

“तू थांब वं,” पुंजाजी म्हणाले. “इथी महत्त्वाचं बोलनं चालू होऊन राह्यलं.”

वच्छलाबाई थांबल्या. पेला तसाच राहिला.

लाइव्ह सुरू झालं. आदर्शने नेहमीच्या वेगात सुरुवात केली, “नमस्कार मंडळी, ‘अडकित्त्या’त आज अशी सुपारी आहे की जी एसटीत चाळीस वर्षं पुढं सरका म्हणत होती आणि स्वतः काही पुढं सरकली नाही!” आणि हात वर केला.

टाळकरी त्याच्याकडे बघत राहिले. वाक्याला ना चाल, ना थांबा. सुरू कुठं झालं, संपलं कुठं? एकाने भीतभीत टाळाचा काठ वाजवला, “टिंग.” शालिकरामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा कॅमेऱ्यासमोरून सरकला.

“काका,” आदर्श म्हणाला, “सांगा, देवाच्या मंडपाले तुमचा इरोध कायले?”

पुंजाजींची खुर्ची डुगडुगली. त्यांनी दोन्ही पाय रोवले, घसा साफ केला. जलशातला माणूस; बोलणं सुरू झालं तेच सुरात.

“इरोध नाही बापू. मी फक्त इचारतो. गावात म्हशीले गोठा हाये. टॅक्टरले टिनाचं टप्पर हाये. टी.व्ही.ले भितीवर जागा हाये.” इथं ते थांबले. उजवा हात सावकाश वर गेला. “मंग शिकनारं लेकरू... बसन कोठी?”

हात वर गेला होता. आदर्शनेच सांगून ठेवलं होतं. शिवाय ओळ अशी काही समेवर आली होती की तिथं गप्प बसणं हा टाळकऱ्याला अधर्म वाटावा. मृदंगावर थाप पडली आणि सगळी ओळ एका गळ्याने उठली,

“बसन कोठीऽ, लेकरू बसन कोठी!” झण्‌ झण्‌ झण्‌.

पुंजाजी क्षणभर बावरले. मग त्यांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांचा मुलगा आला. साथ मिळाली म्हटल्यावर जलशेकरी थांबतो होय?

“घरी बसलं त पाहुने येते!”

“बसन कोठी!”

“झाडाखाली बसलं त पाखराईची घान पडते!”

“बसन कोठी!”

आदर्शने घाईने भोंगा दाबला. “पोंऽऽ!” मृदंगाने लगेच तो सूर धरला आणि एका टाळकऱ्याने मान डोलावून म्हटलं, “वाऽ!” त्याने दुसऱ्यांदा दाबला, तेव्हा मात्र शालिकरामांनी मृदंगावरून हात उचलला आणि लाइव्ह कॅमेऱ्यात, पोराचा कान धरावा तशा आवाजात म्हणाले, “आदर्श! भोंगा ठेव खाली. मानूस बोलून राह्यला ना. मधात बोलू नोको, चालू हाये ना थे!”

कीर्तनात बुवांच्या मध्ये कोणी बोलतं का? नाही. मग इथं कसं चालेल? मंडळाचा हिशेब सरळ होता. एवढंच नव्हे, खुर्ची डुगडुगतेय हे बघून एका टाळकऱ्याने आपल्या टाळांची पिशवी घडी करून आखूड पायाखाली सरकवली. पुंजाजी स्थिर झाले आणि पुढची सगळी वेळ एकदाही न डुगडुगता बोलले. फोनवर लोक लिहीत होते, “काकांना बोलू द्या,” “भोंगेवाल्याला बाहेर काढा.”

बोलणं संपलं. सवयीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले. शालिकरामांनी बुक्क्याच्या डबीत बोट बुडवलं आणि पुंजाजींच्या कपाळाकडे नेलं. बोट मध्येच थांबलं. शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राला काय चालतं, काय चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते बोट आपल्याच कपाळाला लावलं आणि हात जोडले.

“जयभीम, पुंजाजी. लय सुरात बोलला गड्या.”

“रामराम, शालिकराम. तुह्या हाताच्या जोरावर बोललो.”

वच्छलाबाई पुढं झाल्या, “आता माह्यं म्हननं असं हाये का—”

“चाल वं, बजार उठते तुहा,” पुंजाजी म्हणाले आणि निघाले.

संध्याकाळी घरी आदर्श वडिलांवर तडकला.

“बाबा, तुमी कोन्या पार्टीचे हा? मंडप तुमाले पायजे ना?”

“पायजे ना.”

“मंग त्याईले साथ कायले देल्ली?”

“अबे, आपुन टायकरी. जो बोलते त्याले साथ द्या लागते. भांडाचं त बोलनं झाल्यावर भांडाचं.” शालिकरामांनी मृदंगाची कणीक खरवडून काढली. “अन् खरं सांगू का? लेकरू बसन कोठी, हे माह्या डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं.”

आवडाबाई बाजारातून आल्या आल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, “तुमी बापलेकं त्या जागेवर भांडून राह्यले, पन थे वच्छला काय म्हन्ते—”

“आई, आता तू नोको सुरू होऊ,” आदर्श म्हणाला.

ग्रामसभेला कडुनिंबाखाली सगळं गाव जमलं. आदर्श फोन आणि भोंगा दोन्ही घेऊन आला होता. वडिलांना दिलेला शब्द अजून डोक्यावर होता. मुलाखत हातची गेली, निदान मतं तरी जाऊ नयेत. वादात कोणी अभ्यासिकेचं लांबण लावलं तर भोंगा कामाला येईल, असा बेत.

सरपंच संगीताताई म्हणाल्या, “सभामंडप पाह्यजे त्याईनं हात वर करा.”

मंडळातला एकही हात वर गेला नाही. हात वर झाले ते पुंजाजींचे आणि त्यांच्या सोबत्यांचे.

“काका!” आदर्श ओरडला. “तुमी अभ्यासिकेचे ना?”

“होतो,” पुंजाजी म्हणाले. “पन माह्या जिंदगीत मले कोनं टोकल्याबिगर आइकलं असन, त थे या टायकऱ्याईनं. अशा लोकाईच्या मृदंगावर पानी गयावं का?”

“अभ्यासिका पाह्यजे त्याईनं हात वर करा.”

झण्‌! अख्खं भजनी मंडळ हात वर करून बसलं. टाळ बोटांतच होते. सगळ्यात उंच हात शालिकरामांचा.

“बाबा!”

“एकडाव ध्रुपद धरलं ना बापू, मंग सोडता येत नाही.”

संगीताताईंनी मोजलं, पुन्हा मोजलं. दोन्हीकडे सारखेच. मग जे व्हायचं तेच झालं. पुंजाजी शालिकरामांना मंडपाचं महत्त्व समजावू लागले, शालिकराम पुंजाजींना लेकरांची शपथ घालू लागले, आणि दोघांचे आवाज असे चढले की झाडावरचे कावळे उडाले.

“कोनाचं बोलाचं राह्यलं का?” संगीताताईंनी कपाळाला हात लावून विचारलं.

बायकांच्या बाजूने वच्छलाबाई उठल्या. “माह्यं म्हननं असं हाये का—”

“थांब वं, इथी महत्त्वाचं—” पुंजाजी म्हणाले.

आदर्शचा हात सवयीने भोंग्यावर गेलेला होता. त्याला एकदम तो पाण्याचा पेला आठवला. आईचा तांब्याही आठवला. त्याने भोंगा दाबला, आणि तोंड पुंजाजींकडे करून दाबला. “पोंऽऽ!”

पुंजाजींनी दचकून डोक्यावरचा चष्मा चाचपला.

“मधात बोलू नोका काका,” आदर्श म्हणाला. “चालू हाये ना थे.”

वच्छलाबाईंनी पदर सावरला. “आमी बाया बजारात सकायपासून बसतो. दिवसभर पानी नाही पेत. उनाचंबी नाही पेत. काहून नाही पेत, हे या गावात एकाही मानसानं इचारलं नाही. पेलं त जावं कोठी? आडोसा कोठी हाये?” त्या थांबल्या. त्यांचाही हात, नकळत, वर गेला. “मंडप बांधा, अभ्यासिका बांधा. पन त्या जागेवर आंधी बायाईची मुतारी बांधा. बाईनं जावं... कोठी?”

मग आवडाबाईंचा हात वर गेला. मग बायकांची ती सगळी बाजू वर झाली, आणि त्यात संगीताताईंचाही हात होता, आपण सभेच्या अध्यक्ष आहोत हे विसरून वर केलेला. पुरुष जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात शालिकरामांनी मांडीवरच हलकी थाप मारली आणि टाळकऱ्यांनी, यावेळी टाळ न वाजवता, खालच्या आवाजात ओळ उचलली, “बाईनं जावं कोठी...”

ठराव झाला. कामही झालं. मंडपाचं आणि अभ्यासिकेचं मात्र अजून भिजत पडलं आहे. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर पुंजाजी रोज मंडपासाठी भांडतात आणि शालिकराम अभ्यासिकेसाठी. ‘अडकित्ता’ही चालू आहे. पिशवी आता खुर्चीखाली कायमची चिकटवली आहे, आणि त्या खुर्चीवर आदर्श स्वतः बसतो. फिरणारी पाहुण्याला, मग तो कोणत्या का बाजूचा असेना. भोंगा खुंटीला आहे. तो वाजतो, पण पाहुणा बोलत असताना यजमान मध्ये घुसला तरच.

आता माउली, उठण्याआधी एक मागणं. घरी जाल, हातपाय धुवाल, पाणी प्याल. तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येईल, “माझं म्हणणं असं आहे की...” तुमच्या तोंडावर “थांब गं” येईल. तेवढा एक घोट गिळा, आणि शेलूबाजारच्या बाजारात मिरच्यांच्या पोत्याशी, पाण्याचा पेला बाजूला सारून बसलेल्या वच्छलाबाईंची आठवण ठेवा.