डुलत्या फळीची दुरुस्ती

घोटा मुरगळणं म्हणजे काही जगबुडी नव्हे. क्रीडा कार्यालयाच्या नियमावलीत त्याची नोंद 'किरकोळ' या सदरात, दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीच्या खालोखाल आहे. त्यामुळे व्हॉलीबॉलच्या मैदानावर जिला सगळे 'टोळ' म्हणत, तिचा उजवा घोटा दोन वर्षांत पाचव्यांदा मुरगळला तेव्हा कुणी तोंडात बोटं घातली नाहीत. तीनदा तो मैदानावर मुरगळला, चौथ्यांदा जिन्यात, आणि पाचव्यांदा घरातच, दहा महिन्यांच्या लेकीच्या खुळखुळ्यावर.

फिजिओबाईंनी घोटा इकडून तिकडून दाबून पाहिला. "बर्फ झाला, पट्ट्या झाल्या. पुन्हापुन्हा मुरगळून आतले बंध सैल पडलेत आणि पाय तोल सावरायचं विसरलाय. आता त्याला ताकद दे." मग त्यांनी कागदावर तीन व्यायाम लिहिले. रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, एका पायावर उभं राहून टाच उचलायची, आणि डुलत्या फळीवर एका पायाने तोल सांभाळायचा. हे आठ आठवडे. संघाची निवडही आठ आठवड्यांवरच होती, आणि या खेपेला घोटा टिकला नाही तर टोळने प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवाव्यात, असं प्रशिक्षकांनी आधीच बजावलं होतं.

पट्टा आणि फळी होती क्रीडा कार्यालयाच्या व्यायामशाळेत. तिथे शिरायला घोटा स्थिर असल्याचा दाखला लागे.

"घोटा स्थिर असता तर मी कशाला आले असते?" टोळने विचारलं.

"म्हणजे अस्थिर आहे, हे तुम्हाला मान्य आहे," कारकून म्हणाला आणि त्याने तसं लिहूनही घेतलं. "मग आत सोडता येत नाही. पडलात बिडलात तर?"

शेवटी विशेष परवानगीचा अर्ज करायचं ठरलं. कडेवरची लेक पेन ओढत असताना टोळने तो दोन प्रतींत लिहिला. एक प्रत अधीक्षकांकडे गेली. मूळ अर्जावर शिक्का मारायला कारकुनाने हात उचलला, तर टेबलच डुगडुगलं. त्याचा एक पाय आखूड होता. कारकुनाने अर्जाची नीट आठपदरी घडी केली, खाली वाकून त्या पायाखाली सरकवली आणि टेबल हलवून पाहिलं. हललं नाही. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तात्पुरता आहे हो," तो म्हणाला.

अधीक्षक मात्र कामाचा माणूस. प्रत वाचून त्यांनी त्याच आठवड्यात व्यायामशाळेची तपासणी केली. फळी चहूबाजूंनी हलते, हा गंभीर दोष त्यांच्या नजरेतून सुटला नाही. सुतार बोलावून तिला चार भक्कम पाय ठोकण्यात आले. रबरी पट्टा ओढल्यावर लांबतो, असंही निष्पन्न झालं. तो परत पाठवून त्याच लांबीची लोखंडी साखळी मागवण्यात आली. सुतार आलाच आहे तर त्याने टेबलही बघावं, असं कारकुनाने सुचवून पाहिलं. पण सुतार क्रीडासाहित्याचा होता आणि टेबल फर्निचरमध्ये मोडत होतं.

हे ऐकून फिजिओबाईंनी कागदावरची 'फळी' खोडली. मग म्हणाल्या, "घरी जाड गोधडी आहे ना?"

गोधडी होती. तिची चौपदरी घडी करून टोळ तिच्यावर एका पायाने उभी राहू लागली. दात घासताना, दूध गार होईपर्यंत, नवरा किल्ल्या शोधत असेल तेवढा वेळ. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तिने पट्टा केला. वजन म्हणून लेकीला कडेवर घेतलं. हे वजन फार सोयीचं निघालं, दर आठवड्याला आपोआप थोडं वाढायचं. आई डुलली की ते खिदळायचं आणि स्थिर झाली की भोकाड पसरायचं. त्यामुळे टोळला आधी मुद्दाम डुलावं लागे आणि मग सावरावं लागे. घोट्याला याहून चांगला गुरू मिळाला नसता.

आठ आठवड्यांनी निवडीच्या दिवशी तिने नेटवर झेप घेतली आणि ती एकाच पायावर उतरली. घोटा हलला नाही. प्रशिक्षकांनी तिचं नाव लिहिलं. संघाची बस चार वाजता सुटणार होती. फक्त क्रीडा कार्यालयाचा शिक्का बाकी होता.

"व्यायामशाळेची परवानगी नाही, आणि घोटा बरा झालाय," कारकून काळजीने म्हणाला. "हे नियमात बसत नाही. मूळ अर्ज मंजूर दाखवावा लागेल."

"मग काढा की तो."

"काढला तर टेबल हलेल. शिक्का वाकडा पडेल. वाकडा शिक्का चालत नाही."

पावणेचार झाले होते. टोळने लेकीला कडेवर घट्ट धरलं, उजवं पाऊल टेबलाच्या आखूड पायाखाली घातलं आणि टाच उचलली. टेबल इतकं स्थिर कधीच नव्हतं. कारकुनाने अर्ज ओढून काढला, झटकला आणि शिक्का मारला. शिक्का सरळ पडला. टोळ पाय काढणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, पाच मिनिटं तसाच ठेवा ना पाय. माझाही एकच शिक्का आहे."

मागे वळून पाहिलं, तर रांग दारापर्यंत गेली होती. एक झाला, चार झाले, अकरा झाले. लेक खिदळत होती. बाहेर बसचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. तुमचा नंबर बारावा होता. तुम्ही कागद पुढे केलात आणि म्हणालात, "एवढं चांगलं जमतंय तर काय घाई आहे?"

टोळने पाय काढला आणि ती पळाली. घोटा अजिबात वळला नाही. बस मिळाली.

तुमचा शिक्का तेवढा वाकडा पडला. तुम्ही तिथल्या तिथे तिच्या बेजबाबदारपणाविरुद्ध तक्रार लिहिलीत, चांगली दोन पानं, जाड कागदावर. कारकुनाने ती आदराने घेतली आणि नीट आठपदरी घडी केली.

टेबल आता जराही हलत नाही.